होडीचा सांधा गळतोय, कोणता सीलंट घेऊ? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते. त्याच्या आगेमागे होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि वाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, गळती, आणि ती थांबवायचा सीलंट, म्हणजे सांध्याच्या फटीत भरायचा चिकट माल. आमची होडी १८ फुटी, फणसाच्या फळ्यांची, खाडीत असते. तिचं काम मी स्वतःच्या हाताने करतो, शेजारपाजारच्या होड्यांनाही हात लावतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली आहेत.

होडीत पाणी येतंय. कोणता सीलंट आणू ते सांगा.

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी बघा. सांधा हलतो का? तो पाण्याखाली आहे की पाण्याच्या वर? आणि दोन-चार वर्षांनी तो पुन्हा उघडावा लागणार आहे का?

या तीन उत्तरांवर सीलंट ठरतो. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधला सांधा हलतो, पाण्याखाली असतो आणि कधी ना कधी उघडावा लागतो. फायबरच्या होडीत खालचा भाग आणि वरचा डेक जिथे जोडलेला असतो तो सांधा थोडाच हलतो, पाण्याच्या वर असतो आणि सहसा कायमचा असतो. केबिनच्या काचेचा सांधा आणखी वेगळा. या तिघांना सीलंटची एकच नळी वापरली की दोन ठिकाणी काम फसणार हे नक्की.

गळतं नेमकं कुठून हे कसं शोधायचं?

पाणी जिथे साचलेलं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. फळीच्या आतल्या बाजूने, वांकांच्या (फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्यांच्या) मागून वाहत वाहत ते सगळ्यात खोल जागी येतं. म्हणून आधी तळ पूर्ण उपसा, फडक्याने पुसून कोरडा करा आणि होडी पाण्यात असतानाच आतल्या सांध्यांवर रांगोळीची भुकटी किंवा पीठ हलक्या हाताने भुरभुरा. दहा-पंधरा मिनिटांत भुकटीत ओली रेघ उमटते. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. तिथे खडूने खूण करा, बाहेरच्या बाजूला ती कुठे येते ते काठापासून मोजून लिहून ठेवा. होडी वर ओढल्यावर आठवणीवर विसंबून काम होत नाही.

होडी वर असेल तर उलटं करतात: आत थोडं पाणी ओतायचं आणि बाहेर कुठे पाझरतंय ते बघायचं. पण बेताने. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. पाण्यात असताना होडीला सगळीकडून आधार मिळतो, ओंडक्यांवर असताना दोन-चार जागीच. तळ घोटाभर भरला की पुरे.

आणखी एक. इंजिनाची होडी असेल तर आधी पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर जातो ती जागा बघा. ग्लँडमधली, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या कड्यातली, दोरी झिजली की तिथून येणारं पाणी सांध्याचं वाटतं. शाफ्ट फिरताना तिथून थेंब-थेंब पाणी येणं ठीक आहे, धार येणं ठीक नाही. ते काम दोरी बदलून नट आवळण्याचं आहे, सीलंटचं नव्हे. तसंच खिळ्याच्या डोक्याभोवती गंजाचा लाल ओघळ दिसला तर खिळा गेलेला आहे. सांधा कितीही भरा, फळी वांकाला धरून नसेल तर तो पुन्हा उघडणार.

लाकडी होडीच्या सांध्यात आधी कापूस का भरतात? नुसता सीलंट भरला तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

लाकडी होडीचा सांधा आतल्या बाजूला जवळजवळ बंद आणि बाहेरच्या बाजूला उघडा असतो, उलट्या पाचरीसारखा. त्यात सुताची लड बोथट छिन्नीने आणि लाकडी मोगरीने ठोसून बसवतात. फळ्या पाणी पितात, फुगतात, आणि तो कापूस दोन्हीकडून दाबला जातो. पाणी अडवायचं काम हा दाबलेला कापूसच करतो. वर भरलेली राळ, लांबी (म्हणजे पुटी) किंवा सीलंट कापसाला जागेवर धरून ठेवतो, त्याला कुजण्यापासून आणि घासण्यापासून वाचवतो. कापूस गेला असेल आणि तुम्ही नुसता सीलंट भरलात, तर फळ्या फुगल्यावर तो टूथपेस्टसारखा बाहेर येतो.

शिवाय कापूस फळ्यांना ताण देतो. ठोसलेले सगळे सांधे मिळून होडीचं अंग घट्ट धरतात. लाटेवर फळ्या एकमेकींवर सरकत नाहीत, त्या या ताणामुळे.

कापूस कसा भरावा हे लिहून पुरतं कळणार नाही, पण एक खूण सांगतो. आमच्या वाडीतले म्हातारे सुतार हे काम करताना सांध्याकडे फारसं बघायचेच नाहीत. एका हाताने लडीचा छोटा वेढा सांध्यात ढकलायचा, छिन्नी ठेवायची, ठोका घालायचा. सैल कापसावर आवाज भद्द येतो. तीन-चार ठोक्यांत तो बदलत जातो आणि कापूस बसला की टणक होतो, दारावर टकटक केल्यासारखा. तो आवाज आला की छिन्नी पुढे. त्यानंतरचा एक ठोकाही जास्तच. पातळ फळीत कापूस फार घट्ट ठोसला तर फळ्या फुगल्यावर वांकांवरचे खिळे उपटले जातात. लहान होडीत हात हलकाच हवा.

कापूस शुद्ध सुती, लांब धाग्याचा घ्या. औषधाच्या दुकानातला गुंडाळी-कापूस तुटतो. नायलॉनचा दोरा फुगत नाही, तो नको. भरलेला कापूस फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत यावा, वर सीलंटला जागा राहावी. सीलंट भरण्याआधी कापसावर पातळ रंगाचा हात द्या.

आमचे आजोबा राळ आणि तेल वापरायचे. ते चांगलं की नळीतला सीलंट?

राळेची पूड तेलात कढवून केलेला लेप आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. काथ्याने शिवलेली जहाजंही अशाच लेपांवर तरली. नौदलाची कौंडिण्य ही शिवणीची नौका गोव्यात बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिच्यासाठीही काथ्याची दोरी, नारळाचा धागा आणि नैसर्गिक राळच वापरली आहे. तेव्हा हे जुनं म्हणून टाकाऊ असं मुळीच समजू नका.

राळेचा फायदा असा की ती स्वस्त आहे, दुरुस्त करायला सोपी आहे आणि पुढच्या माणसाला त्रास देत नाही. खरवडली की निघते, गरम केली की पुन्हा बसते. तोटा असा की ती उन्हात तडकते आणि दरवर्षी हात द्यावा लागतो. दरवर्षी होडी वर ओढून रंगवणारा नाखवा (होडीचा मालक) असेल तर मी त्याला राळ सोडायला सांगत नाही.

पण दोन्हींची सरमिसळ करू नका. ज्या सांध्यात वर्षानुवर्षं तेल मुरलंय तिथे नळीतला सीलंट धरत नाही. तेलकट लाकडावर तो दिसायला चिकटतो आणि महिन्याभरात कड सोडतो. नव्या सीलंटकडे वळायचं असेल तर पूर्ण सांधा खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत साफ करावा लागेल. अर्धी होडी राळेची आणि अर्धी सीलंटची चालेल, एकाच सांध्यात दोन्ही चालणार नाहीत.

शेंदूर मिसळलेली जुनी लांबी अजून काही जण वापरतात. त्यात शिसं असतं. ती खरवडताना धूळ उडते, ती पोटात जाते. नुसतं फडकं पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क लावा, लाकूड ओलं करून खरवडा आणि पोरांना लांब ठेवा.

पॉलियुरेथेन, पॉलिसल्फाइड, सिलिकॉन, हायब्रिड… यातला फरक साध्या भाषेत सांगा.

पॉलिसल्फाइड रबरासारखा राहतो, मऊ असतो, खाऱ्या पाण्यात आणि डिझेलमध्ये टिकतो. चिकटतो चांगला, पण पुढे सुरीने कापून काढता येतो. लाकडी होडीच्या पाण्याखालच्या सांध्यासाठी मी हाच घेतो. सागवानी डेकच्या फटींसाठीही हाच. वेळ जास्त घेतो हा त्याचा दोष. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी अशा प्लास्टिकला मात्र लावू नका, ते तडकतं.

पॉलियुरेथेन हा सीलंट कमी आणि गोंद जास्त. ताकद जबरदस्त. फायबरच्या होडीत डेकचा सांधा, तळातून जाणाऱ्या नळांची बूड, कायमचे बसवलेले भाग यांसाठी उत्तम. पण लाकडी फळ्यांच्या सांध्यात तोच गुण अवगुण होतो. उदाहरण म्हणून थ्रीएम कंपनीचा ५२०० हा प्रकार बघा. हा कायमच्या जोडासाठीच बनवलेला आहे. त्याने भरलेली फळी बदलायची वेळ आली की सीलंट सुटत नाही, लाकूड फाटतं. त्याच कंपनीचा ४२०० सोडवायला त्यापेक्षा सोपा आहे. सिकाफ्लेक्समध्ये नाव एकच असलं तरी पुढचा आकडा बघून घ्या. २९१आय हा बोटींसाठीचा आहे, बाकीचे बरेच प्रकार इमारतींचे आहेत.

हायब्रिड, म्हणजे दुकानदार ज्याला एमएस पॉलिमर म्हणतात तो, उन्हात पिवळा पडत नाही, लवकर वाळतो, त्यावर रंग बसतो. पाण्याच्या वरच्या कामाला छान. पाण्याखाली वापरायचा असेल तर सतत पाण्यात चालतो असं नळीवर स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

ब्युटाइल टेप कधीच कडक होत नाही. डेकवरच्या कड्या, खुंट, फ्रेम यांच्याखाली दाबून बसवायला मला ती सगळ्यात आवडते. पण पाण्याखाली नको, आणि पेट्रोल-डिझेलजवळ तर नकोच, ती विरघळते.

घरी बाथरूमचं सिलिकॉन पडलंय. ते लावलं तर काय बिघडेल?

कृपा करून लावू नका. अगदी कळकळीने सांगतो.

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतून एक लहान होडी माझ्याकडे आली. आधीच्या मालकाने नाळेजवळच्या (होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या) दोन सांध्यांत सिलिकॉन भरलं होतं. सिलिकॉन लाकडाला नीट धरत नाही, त्यामुळे बोटाने ओढल्यावर हातभर लांब दोरी सरळ बाहेर आली. पण काम तिथे संपलं नाही, सुरू झालं. सिलिकॉन निघतं, त्याचा तेलकट थर लाकडात राहतो. त्यावर मी रंग लावला तर रंग गोल गोल ठिपके सोडून मागे हटला, जणू तव्यावर पाणी. नवा सीलंट लावला तर तोही सुटला. शेवटी दोन्ही फळ्यांच्या कडा रंध्याने तासून नवं लाकूड उघडं करावं लागलं, सांधा रुंद झाला आणि त्याला कापूसही जास्त लागला. चार मीटर सांध्याला तीन दिवस गेले.

शिवाय घरगुती सिलिकॉनला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. ते आम्ल असतं आणि लोखंडाचे, तांब्याचे खिळे खातं. होडीत सिलिकॉनची जागा एकच, केबिनची प्लास्टिकची काच. तीही बिन-आम्लाची.

आणि एम-सील? फेविकॉल मरीन? नावातच मरीन आहे.

फेविकॉल मरीन हा सुतारकामाचा गोंद आहे, लाकूड लाकडाला दाबून जोडायचा. फट भरायचा माल तो नव्हे.

एम-सीलसारखी इपॉक्सी लांबी दगडासारखी कडक होते. फळीतल्या जुन्या खिळ्याच्या भोकाला, फायबरच्या ओरखड्याला चालेल. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत चालणार नाही. फळी फुगली की एकतर ती लांबी सुटते, नाहीतर ती सुटत नाही आणि फळीच चिरते. दुसरं जास्त वाईट.

प्लायवूडची होडी याला अपवाद आहे. तलावात शिडाच्या ज्या लहान होड्या चालवतात त्यातल्या बऱ्याच प्लायच्या असतात. प्लाय फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तिथे सांधा इपॉक्सीने आणि काचेच्या धाग्यांच्या कापडाच्या पट्टीने कायमचा बांधणं हेच बरोबर. सांधा हलतो का, हा पहिलाच प्रश्न का विचारला ते इथे दिसतं.

होडी फायबरची आहे. तळाला चीर गेली आहे. सीलंट भरू?

नाही. चीर हा सांधा नसतो, ते तुटलेलं अंग असतं. सीलंट पाणी अडवेल, पण ताकद देणार नाही, आणि लाटेवर आपटून चीर वाढत जाईल. दोन्ही बाजूंनी घासून उतार करायचा, थराच्या जाडीच्या निदान बारापट लांब, म्हणजे ५ मिलिमीटर थराला दोन्हीकडे ६ सेंटिमीटर. मग काचेच्या मॅटचे थर, आधी लहान मग मोठे. जुन्या वाळलेल्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी जास्त चांगली धरते. महाग आहे, पण पाण्याखालच्या दुरुस्तीला मी तीच वापरेन.

फायबरच्या होडीत सीलंटची खरी जागा म्हणजे डेकचा सांधा, बोल्ट आणि नळ. बोल्ट काढून, जुना माल पूर्ण काढून, नवा सीलंट लावून पुन्हा आवळायचा. बाहेरून कडेने नुसती रेघ ओढून काही होत नाही.

जुन्या लाकडी होडीवर फायबर मारून घेतलं तर गळतीची कटकट कायमची जाईल ना?

बऱ्याच जणांनी केलंय. काहींची होडी त्यावर दहा वर्षं चालली, काहींची दुसऱ्याच हंगामात सोलली गेली. फरक लाकडाच्या स्थितीचा. लाकूड पूर्ण कोरडं हवं, तेल मुरलेलं नको, आणि फायबरचा थर स्वतःच्या ताकदीवर उभा राहील इतका जाड हवा. पातळ कापड चिकटवलं की खालच्या फळ्या हलतात आणि सांध्यांच्या रेषेतच ते फाटतं. फाटलेल्या जागी शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या होडीचे वांक हाताने चुरा होतात. चांगल्या, घट्ट, दुरुस्तीजोग्या होडीवर फायबर मारू नका. आयुष्य संपत आलेल्या होडीची काही वर्षं वाढवायची असतील तरच तो विचार करा.

आतून सीलंट लावला तर? होडी वर ओढायला वेळ नाही.

बाहेरून येणारं पाणी आतला सीलंट ढकलून सुटा करतं. बाहेर लावलेल्याला तेच पाणी दाबून बसवतं. शिवाय आतून बंद केलेल्या सांध्यात पाणी कोंडून लाकूड कुजतं.

सीलंट लावताना लोक हमखास कुठे चुकतात?

घाईत. सांधा साफ करायला एक दिवस आणि भरायला एक तास, असं प्रमाण असेल तर काम बरोबर चाललंय समजा.

जुना माल काढायला करवतीचं तुटकं पातं टोकाला वाकवून घ्या. फळीची कड मात्र शाबूत राहिली पाहिजे. लाकूड सागवान असेल तर त्यात स्वतःचं तेल असतं, ते लावण्याच्या थोडं आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि कंपनी सांगेल तो प्रायमर द्या. फणस, आंबा, ऐन यांना ही अडचण कमी.

ऊन टाळा. दुपारच्या उन्हात तापलेल्या फळीवर सीलंटला फुगे येतात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात भरा. आपल्याकडे हवेत दमटपणा भरपूर, आणि एका नळीचे बहुतेक सीलंट हवेतला ओलावा घेऊनच वाळतात, त्यामुळे वरची साय लवकर धरते. ती साय बघून काम वाळलं असं समजू नका. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलीच वाळते. ५२०० ला पूर्ण वाळायला पाच ते सात दिवस लागतात.

पॉलियुरेथेन ओला असताना त्याला स्पिरिट लावू नका, हात साफ करायच्या सॅनिटायझरमध्ये बोट बुडवून रेघ गुळगुळीत करू नका. अल्कोहोलने तो वाळायचाच थांबतो, वर्षभर च्युइंगगमसारखा राहतो. हातमोजे घाला आणि माशांच्या खणात किंवा इंजिनाच्या खोलीत काम करताना वारा खेळता ठेवा, त्याची वाफ छातीला चांगली नाही.

सीलंट फळीच्या पातळीला भरू नका, किंचित खोलगट ठेवा. फळ्या फुगल्यावर तो बरोबर वर येतो. काठोकाठ भरलात तर पाण्यात गेल्यावर प्रत्येक सांध्यावर वळकटी उठते.

सागवानी डेकच्या फटींसाठी एक जास्तीची गोष्ट. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटायला हवा, तळाला नाही. तळाला चिकटला तर त्याला ताणायला जागा राहत नाही आणि तो फाटतो. तिथे आधी चिकटपट्टी टाकतात. फळ्यांच्या सांध्यात हे काम खालचा कापूस करतो.

किती नळ्या लागतील?

सांध्याची रुंदी गुणिले खोली, मिलिमीटरमध्ये. जो आकडा येईल तेवढे मिलिलिटर एका मीटरला लागतात. सांधा ६ मिलिमीटर रुंद आणि कापसाच्या वर ६ मिलिमीटर खोल असेल तर मीटरला ३६ मिलिलिटर, म्हणजे ३०० मिलिलिटरची नळी जेमतेम ८ मीटर जाईल.

आता ३० फुटी होडी धरा. एका बाजूला दहा सांधे, प्रत्येक ९ मीटर, दोन्ही बाजू मिळून १८० मीटर. बाविसेक नळ्या झाल्या, सांडलवंड वेगळी. म्हणून मोठ्या होडीला सगळीकडे नवा सीलंट घालायचा हट्ट मी धरत नाही. जिथे कापूस घट्ट आहे, राळ धरून आहे, तिथे हात लावू नका. गळणारे सांधे आणि त्यांच्या पुढे-मागे हातभर, एवढंच उघडा.

नळी घेताना तारीख बघा. बंद नळीही साधारण वर्षभरच चांगली राहते. नळी दाबल्यावर कडक लागली तर परत द्या.

वर रंग कधी लावायचा?

सीलंट पूर्ण वाळल्यावर. साधा ऑइल पेंट पॉलियुरेथेनवर कित्येकदा वाळतच नाही, चिकट राहतो. आधी हातभर जागेवर लावून दोन दिवस बघा. पाण्याखाली लाकूड कोरणाऱ्या किड्यापासून वाचवायला रंगाचा थर सांध्यावरही अखंड हवा. किड्याने पोखरलेल्या फळीला वरून सुईएवढी भोकं दिसतात आणि आत बोटभर जाड बोगदे असतात. अशी फळी सीलंटने वाचत नाही, बदलावीच लागते.

समुद्रात असताना सांधा उघडला तर?

लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, पंप चालू, वेग कमी. मग जागा शोधा. ग्रीस चोपडलेला कापूस किंवा फडकं सांध्यात बोथट चाकूने दाबा, वर फळकुट ठेवून टेका द्या. फट मोठी असेल तर कापडात गुंडाळलेली लाकडी पाचर बसवा, पण ठोकू नका, फळी आणखी उघडेल. बारीक पाझर असेल तर जुनी युक्ती आहे: बाहेरून सांध्याखाली लाकडाचा भुसा धरायचा. आत शिरणारं पाणीच तो ओढून घेतं आणि भुसा सांध्यात फुगून बसतो. किनारा गाठेपर्यंत पुरतो.

पाणी पंपाला ऐकत नसेल तर वाट बघू नका. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबर चॅनल, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. आपली जागा आधी सांगा, बाकी नंतर.

दुरुस्ती करून होडी पाण्यात सोडली, तरी पाणी येतंय. काम फसलं का?

लगेच तसं म्हणू नका. कोरडी लाकडी होडी पहिल्या दिवशी पाणी घेतेच. एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडलेली जास्त घेते, पावसात झावळ्यांखाली राहिलेली कमी. सोडायच्या तीन-चार दिवस आधी आत ओली गोणपाटं टाकून ठेवा आणि त्यांवर समुद्राचं पाणी मारा. गोडं पाणी नको, त्याने लाकूड कुजतं.

सोडल्यावर लगेच बाहेर नेऊ नका. नांगरावर ठेवा, पंप आणि एक माणूस होडीत. तळ कोरडा करून वांकावर खडूची रेघ मारा आणि दर तासाला पाणी कुठवर आलं तिथे दुसरी रेघ. पहिल्या रात्री रेघा लांब लांब पडतील. दुसऱ्या दिवशी त्या जवळ यायला लागल्या तर फळ्या पाणी पितायत, होडी घट्ट होतेय. आमच्या होडीला दोन भरत्या लागतात, तिसऱ्या भरतीला रेघ बोटभरही हलत नाही.

तीन दिवसांनंतरही रेघांमधलं अंतर तेवढंच राहिलं, किंवा सुरुवातीला कमी होऊन पुन्हा वाढलं, तर एखादा सांधा राहून गेलाय किंवा कापूस बाहेर आलाय. रांगोळीची भुकटी घ्या, जागा शोधा, खूण करा आणि पुढच्या उधाणाला होडी परत वर घ्या.